ऑपरेशनच्या दिवशी ‘फिटनेस’ अडकलं तर काय करायचं?

ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. गावाकडची जनावरं शेजाऱ्यांवर सोपवलेली असतात. आणि सकाळी सिस्टर येऊन सांगतात, “आज होणार नाही, फिटनेस आलेलं नाही.” का आलं नाही, कधी येईल, यावर उत्तर मिळत नाही.

शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा या भागातल्या कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा लातूर, नांदेड, सोलापूर किंवा थेट हैदराबाद गाठावं लागतं. त्यांच्यासाठी एक दिवस पुढे ढकलणं म्हणजे नुसता एक दिवस नसतो. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, राहण्या-खाण्याचा खर्च वाढतो, सोयाबीनची काढणी चालू असेल तर शेतातलं कामही थांबतं. त्यात कारण कळलं नाही तर भीती आणि संशय दोन्ही वाढतात.

फिटनेस म्हणजे नेमकं काय, ते शेवटच्या क्षणी का अडकतं आणि अशा वेळी कोणाला काय विचारायचं, ते पाहू.

फिटनेस कोण देतं?

फिटनेस म्हणजे रुग्णाचं शरीर भूल आणि शस्त्रक्रिया सोसू शकेल का, याबद्दलचं वैद्यकीय मत. साधारणपणे त्यात दोन टप्पे असतात. फिजिशियन बीपी, साखर, हृदय, फुप्फुसं, किडनी यांची स्थिती पाहतात. त्यानंतर भूलतज्ज्ञ स्वतंत्र तपासणी करतात. फाइलवर तिला ‘पीएसी’ लिहिलेलं असतं. आधीची ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या, मान किती वळते, तोंड किती उघडतं, हे सगळं त्यात पाहिलं जातं.

सर्जनने तारीख दिली म्हणजे फिटनेस मिळालं असं नाही. भूल द्यायची की नाही, याची जबाबदारी भूलतज्ज्ञांची असते आणि अगदी टेबलावरही ते थांबायला सांगू शकतात.

या सावधगिरीचा इतिहास मराठवाड्याला परका नाही. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत निजामाच्या पैशातून ‘क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमलं गेलं. क्लोरोफॉर्मने भूल दिलेले रुग्ण अचानक का दगावतात, हे डॉ. एडवर्ड लॉरी यांना शोधायचं होतं. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. धोका श्वासाला असतो, हृदयाला नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे तो अपुरा ठरला, कारण क्लोरोफॉर्म थेट हृदयही थांबवू शकतं हे सिद्ध झालं. आज भूल देण्याआधी श्वास आणि हृदय दोन्ही तपासले जातात.

मग हे आधीच का कळत नाही?

शेवटच्या क्षणी अडकण्याची कारणं ढोबळपणे तीन गटांत मोडतात. आपलं कारण कोणत्या गटातलं आहे हे कळलं की पुढची वाट बरीच सोपी होते.

१. वैद्यकीय कारणं

*बीपी वाढणं.* दवाखान्यातल्या धास्तीनेही बीपी चढतं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशनपूर्व तपासणीत बीपी १८०/११० च्या खाली असेल तर नियोजित शस्त्रक्रिया करता येते. प्रत्यक्ष निर्णय मात्र रुग्णाचं वय, हृदय आणि ऑपरेशनचा प्रकार पाहून होतो. घरी मोजलेल्या बीपीची नोंद सोबत असेल तर डॉक्टरांना ठरवणं सोपं जातं.

*साखर आणि त्यावरच्या गोळ्या.* साखर फार वाढलेली असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या नियोजित ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर साखर सामान्य दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून रुग्ण गंभीर होऊ शकतो.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा गोळ्या अनेकदा काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. पण स्टेंट बसवलेल्या रुग्णाने त्या मनाने बंद केल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. म्हणून हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवा.

*हिमोग्लोबिन कमी असणं.* जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. जास्त रक्तस्राव होणाऱ्या ऑपरेशनआधी ते वाढवणं किंवा रक्ताची सोय करणं गरजेचं असतं.

*सर्दी, खोकला, ताप.* विशेषतः लहान मुलांमध्ये सर्दीनंतर काही आठवडे श्वासनलिका नाजूक राहते. भूल देताना ती आकसू शकते. त्यामुळे ‘साधी सर्दी तर आहे’ म्हणून ती लपवू नये.

*तोंड पुरेसं न उघडणं.* हे कारण आपल्याकडे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी गुटखा, सुपारी खाणारे कमी नाहीत. सततच्या वापराने गालाची आतली त्वचा आखडते आणि तोंड कमी उघडतं. मग भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड होतं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये बसत नसतील, तर हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते.

*पोट रिकामं नसणं.* भुलीत पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण-चिकन ८ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. पहाटे घेतलेल्या अर्ध्या कप चहानेही ऑपरेशन पुढे जाऊ शकतं.

२. कागदपत्रांची कारणं

अनेकदा ‘फिटनेस नाही’ असं सांगितलं जातं, पण खरा अडथळा मंजुरीचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नियोजित शस्त्रक्रियेआधी ऑनलाइन पूर्वमंजुरी लागते. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या टप्प्यात नांदेड होतं. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ पासून आली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचं आणि वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचं ठरलं.

मंजुरी अडकण्याची नेहमीची कारणं साधी असतात. आधार आणि रेशन कार्डावरच्या नावात फरक असतो, एखादा रिपोर्ट किंवा फोटो अपलोड झालेला नसतो, किंवा योजनेच्या डॉक्टरांनी शंका काढलेली असते आणि रुग्णालयाने उत्तर दिलेलं नसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. फाइल नेमकी कुठे थांबली आहे, हे ते संगणकावर पाहून सांगू शकतात. समाधान झालं नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे.

खासगी आरोग्य विमा असेल तर विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा असतो. त्यामुळे विनंती किती वाजता पाठवली, ती वेळ रुग्णालयाकडून लिहून घ्यावी.

३. रुग्णालयाची कारणं

अपघाताचा किंवा सिझेरियनचा तातडीचा रुग्ण आला तर नियोजित ऑपरेशन मागे जातं. आयसीयूत खाट नसणं, रक्तपेढीत जुळणारं रक्त नसणं, भूलतज्ज्ञ दुसऱ्या केसमध्ये अडकणं, उपकरणं निर्जंतुक होऊन न येणं, ही कारणंही नेहमीचीच. यात रुग्णाचा दोष नसतो आणि त्याच्या तब्येतीत काही बिघाड झालाय असाही अर्थ नसतो. म्हणूनच हे स्पष्ट सांगितलं जाणं गरजेचं आहे. नाहीतर घरचे उगाच ‘हृदयात काहीतरी निघालं असेल’ या धास्तीत रात्र काढतात.

कारण कसं विचारायचं?

दहा नातेवाइकांनी दहा जणांना विचारण्यापेक्षा एकाच माणसाने, वही-पेन हातात घेऊन विचारावं. वॉर्डातल्या सिस्टरकडे अनेकदा पूर्ण माहिती नसते. त्यामुळे निवासी डॉक्टर, सर्जन किंवा भूलतज्ज्ञ यांची भेट मागावी. प्रश्न थोडके पण नेमके असावेत:

- “डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तब्येतीमुळं थांबलंय, कागदामुळं, की ओटी मोकळी नाही म्हणून?”
- “फिटनेस कुणाचं बाकी आहे? फिजिशियनचं की भूलतज्ज्ञांचं?”
- “कोणता रिपोर्ट किंवा कोणती तपासणी हवी आहे? ती इथंच होईल का?”
- “नवी तारीख साधारण कधीची? तोवर थांबण्यात धोका आहे का?”
- “आज पेशंटला खायला द्यायचं का? बंद केलेल्या गोळ्या परत सुरू करायच्या का?”

शेवटचा प्रश्न सर्वात जास्त विसरला जातो. ऑपरेशन रद्द झालं तरी ‘काही देऊ नका’ ही सूचना तशीच राहते आणि मधुमेही किंवा वयस्कर रुग्ण संध्याकाळपर्यंत उपाशी राहतो. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतलेली असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर लगेच सिस्टरला सांगून साखर तपासून घ्यावी.

नव्या तपासण्या सांगितल्या तर त्या कशासाठी, हेही विचारता येतं. सगळ्याच तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सरसकट रक्ततपासणी आणि ईसीजी केल्याने गुंतागुंत कमी होत नाही, हे २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. पण छातीत दुखतं, चालताना दम लागतो अशा रुग्णाला टूडी इको सांगितली तर ती टाळू नये.

रुग्णाचे हक्क

आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत तो पहिल्या हक्कांपैकी आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही खासगी रुग्णालयांसाठी रुग्ण हक्कांची सनद आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. दुसरीकडे दाखवायचं असेल तर हे कागद उपयोगी पडतात.

तोंडी बोलून भागलं नाही तर शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय अधीक्षक यांना भेटावं. खासगी रुग्णालयाबाबत आधी तिथल्या व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज द्यावा. त्यानंतर शहरात महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि इतरत्र जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा यांच्याकडे जाता येतं. आवाज चढवून किंवा मोडतोड करून फिटनेस मिळत नाही. दबावाखाली दिलेलं फिटनेस शेवटी रुग्णालाच महागात पडतं.

गावाहून निघण्याआधी

बऱ्याच अडचणी आठवडाभर आधी टाळता येतात.

- पीएसी तारखेच्या आदल्या दिवशी न ठेवता काही दिवस आधी करता येईल का, हे विचारावं.
- सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. झाडपाल्याची, आयुर्वेदिक औषधंही सांगावीत.
- जुने ईसीजी, इको, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून ठेवावेत.
- आधार आणि रेशन कार्डावरचं नाव एकसारखं आहे का ते पाहावं.
- तंबाखू, बिडी, दारू लपवू नये.
- निघायच्या आदल्या दिवशी फोन करून तारीख आणि रक्ताची सोय पक्की करावी.
- दोन दिवस जास्तीच्या मुक्कामाची तयारी ठेवावी.

थांबणं धोक्याचं केव्हा?

तारीख पुढे गेली म्हणून घरी परतलेल्या रुग्णात काही लक्षणं दिसली तर नव्या तारखेची वाट पाहू नये. हर्नियाची गाठ आत जात नाही, दुखते आणि उलट्या होतात, पित्ताच्या खड्यांसोबत थंडी-ताप किंवा कावीळ दिसते, मधुमेही पाय काळा पडतो किंवा त्यातून दुर्गंधी येते, छातीत दुखतं, रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी १०८ वर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने जावं आणि ‘ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे’ हे पहिल्यांदा सांगावं.

कॅन्सरच्या रुग्णांनी तर नवी तारीख लेखी घेतल्याशिवाय घरी जाऊ नये. त्यात दोन-चार दिवसांनी सहसा फरक पडत नाही, पण ‘बघू, कळवतो’ यात महिने जाऊ देणं परवडणारं नसतं.