सहलीची बाकी रक्कम

प्रवासी कंपनीमार्फत सहल ठरविणाऱ्या कुटुंबास बहुधा दोन वेळां पैसे मोजावे लागतात: नांव नोंदवितांना विसार, आणि निघण्यापूर्वी कांहीं आठवडे बाकी रक्कम. या दुसऱ्या मुदतीचा इतिहास मात्र फारसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक यानें इंग्लंडांतील लेस्टर येथून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें आगगाडीनें नेलीं. दर माणशीं एक शिलिंग. एका दिवसाच्या त्या सफरींत मुक्काम नव्हता, कीं परदेशचा व्यवहार नव्हता. पुढें १८६८ मध्यें कुकनें हॉटेलांच्या कूपनांची पद्धत सुरू केली. प्रवाशानें पैसे आधींच भरावे आणि परमुलुखांत केवळ कागद दाखवून जेवण व बिछाना मिळवावा. सोय मोठी होती. परंतु माल हातीं येण्यापूर्वीं किंमत चुकती करून मधला काळ मध्यस्थाच्या सचोटीवर विसंबावयाचें, हा प्रकार तिच्याबरोबरच रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सबंध विमान भाड्यानें घेऊन प्रवास व मुक्काम एकाच किंमतींत विकले जाऊं लागले. कंपनीला जागा व खोल्या आधीं धरून ठेवाव्या लागत. गिऱ्हाईक फिरलें तर त्या दुसऱ्यास विकण्यास अवधि हवा. म्हणून बाकी रक्कम निघण्याच्या पुष्कळ आधीं मागण्याची वहिवाट पडली. ब्रिटनमध्यें आज ती मुदत साधारणतः आठ ते बारा आठवड्यांची असते. ती चुकल्यास नोंदणी रद्द होऊं शकते व विसार बहुधा बुडतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजू १९७४ मध्यें उघडी पडली. क्लार्कसन्स ही मोठी सहल-कंपनी चालविणारी कोर्ट लाइन अडचणींत होती. जूनमध्यें उद्योगमंत्री टोनी बेन यांनीं पार्लमेंटांत त्या उन्हाळ्यांतील सहलींविषयीं आश्वासक निवेदन केलें. १५ ऑगस्टला कंपनी कोसळली. सुमारें ५०,००० प्रवासी त्या वेळीं परदेशांत होते, आणि पैसे भरून घरीं वाट पाहणारे याहून अधिक. ज्यांनीं बाकी वेळेवर भरली, त्यांचीच अधिक रक्कम अडकली. १९७५ मध्यें भरपाईच्या निधीचा कायदा झाला, आणि १९९० मध्यें युरोपीय समुदायानें पैसे परत देण्याची हमी सर्व सहल-कंपन्यांवर बंधनकारक केली.

२३ सप्टेंबर २०१९ रोजीं खुद्द कुकची ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हां या हमीमुळेंच असंख्य कुटुंबांचे पैसे परत मिळाले. मुंबईंत १८८१ मध्यें आरंभलेला त्याच नांवाचा भारतीय व्यवसाय २०१२ मध्येंच निराळ्या मालकीचा झाला होता. त्यामुळें तो चालू राहिला.

मुदतीची तारीख कंपनीचें हित राखते. प्रवाशाचें हित हमी राखते. पैसे मोजण्यापूर्वीं पावतीवर दोन्ही पाहून घेणें, हेंच सुज्ञपणाचें.