पापनिवेदन धर्मगुरूजवळच का? : कॅथलिक प्रायश्चित्त संस्काराचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी चर्चमधील पापनिवेदनाची प्रथा बंद करावी, अशी शिफारस केंद्र शासनाकडे केली. केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंनी एका विवाहितेच्या पापनिवेदनाचा गैरफायदा घेऊन तिचे शोषण केल्याची तक्रार या शिफारशीमागे होती. भारतातील कॅथलिक बिशपांनीही तिला तीव्र हरकत घेतली. मूळ तक्रार कॅथलिक चर्चविषयी नव्हती, हा तपशील त्या गदारोळात मागे पडला. प्रश्न मात्र उरलाच. ईश्वर सर्वसाक्षी आहे असे मानणाऱ्या व्यक्तीने आपले पाप दुसऱ्या माणसाच्या कानावर का घालावे?

धर्मगुरू हा देव आणि माणूस यांच्यातील मध्यस्थ आहे, असे या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दिले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. पापनिवेदन आरंभी संपूर्ण श्रद्धावंत समुदायासमोर होत असे. त्या समुदायाच्या जागी हळूहळू एकच ऐकणारा उरला आणि तो म्हणजे धर्मगुरू. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुदायासमोरील प्रायश्चित्त

पुनरुत्थित येशूने शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा वा ती रोखून धरण्याचा अधिकार दिला, असे योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात म्हटले आहे. कॅथलिक सिद्धांताचा मुख्य आधार हाच. याकोबाच्या पत्रात मात्र एकमेकांजवळ पापे कबूल करण्याचा उपदेश आहे, तर 'दिदाखे' या प्राचीन ग्रंथात अपराध सभेत कबूल करण्यास सांगितले आहे. कबुली कोणाजवळ द्यायची, याचे एकच ठरीव उत्तर या आरंभीच्या साधनांत सापडत नाही.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुल्यनने केलेले प्रायश्चित्ताचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे. पापी व्यक्ती गोणपाट नेसून राखेत बसते, धर्मगुरूंपुढे लोटांगण घालते, बांधवांपुढे गुडघे टेकते. बाप्तिस्म्यानंतर अशी संधी आयुष्यात एकदाच मिळे. जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी, ही त्याची उपमा पुढे शतकानुशतके टिकली.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या छळाला भिऊन अनेक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवतांना बळी अर्पण केले. त्यांना परत घ्यावे की नाही, या वादातून चर्चमध्ये फूट पडली. रोममधील नोव्हेशियनचा पक्ष त्यांना क्षमा नाकारत होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना सामावून घेण्याच्या बाजूचा होता. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने जबरदस्तीवाचून धर्मत्याग करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने बारा वर्षांचे प्रायश्चित्त ठरवले. या काळात पाप हा व्यक्ती आणि ईश्वर यांच्यातील खासगी मामला नव्हता. एकाच्या पतनाने सर्व समुदाय जखमी होतो, म्हणून परतीची वाटही समुदायातूनच जावी, अशी ही धारणा होती. थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल सम्राट थिओडोसियसला इ.स. ३९० मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याने प्रायश्चित्त करावयास लावले, तेही याच धारणेतून.

ही व्यवस्था भव्य होती आणि अव्यवहार्यही. प्रायश्चित्ती म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीवर विवाह, सैनिकी सेवा, धर्मपद यांबाबतची बंधने आयुष्यभर राहत. परिणामी लोक प्रायश्चित्त मृत्युशय्येपर्यंत लांबवू लागले. काही ठिकाणी तर पापांची लेखी यादी सर्वांसमोर वाचून दाखवली जाई. इ.स. ४५९ मध्ये पोप लिओ पहिला याने इटलीतील काही बिशपांना पत्र लिहून हा प्रकार बंद केला. पापे धर्मगुरूंजवळ गुप्तपणे सांगितली तरी पुरे, असे त्याने स्पष्ट केले. प्रस्तुत विषयात हे पत्र कळीचे आहे. धर्मगुरूच्या एकट्याच्या कानाची योजना येथे पाप्याच्या अब्रूच्या रक्षणासाठी पुढे आली.

आयरिश मठांचे योगदान

पापनिवेदनाला आजचे रूप देण्यात मोठा वाटा रोमचा नव्हता, आयर्लंडमधील मठवासीयांचा होता. तेथे प्रत्येकाचा एक 'आत्म्याचा मित्र' असे. त्याच्याजवळ मन मोकळे करायचे, त्याने सांगितलेले उपवास वा प्रार्थना करायच्या आणि पुन्हा घसरल्यास पुन्हा जायचे. कोणत्या पापाला किती प्रायश्चित्त, याच्या पुस्तिकाच सहाव्या शतकापासून तयार झाल्या. कोलंबानस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. प्रस्थापितांना ती सहजासहजी रुचली नाही. इ.स. ५८९ मध्ये टोलेडो येथील परिषदेने वारंवार क्षमा मागण्याच्या या रिवाजाचा निषेध केला. पुढे मात्र तोच रिवाज सर्वमान्य ठरला. निषिद्ध ते नियम होण्याची अशी उदाहरणे धर्मेतिहासात विरळ नाहीत.

इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकाच्या वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे, असा नियम घातला. त्याच कलमात धर्मगुरूला कुशल वैद्याची उपमा दिली आहे आणि ऐकलेले पाप उघड करणाऱ्याला पदच्युत करून कडक मठात आजन्म प्रायश्चित्तास पाठवावे, असेही फर्मावले आहे. सक्ती आणि गुप्ततेची हमी एकाच कलमात यावी, हे लक्षणीय आहे. लोकांना बोलायला भाग पाडायचे तर ऐकणाऱ्याचे तोंड बंद करणे आवश्यकच होते.

तरीही धर्मगुरूचा अधिकार जनमानसात लगेच अनन्य झाला नाही. निकडीच्या वेळी सामान्य श्रद्धावंताजवळही पापनिवेदन करावे, असे थॉमस अक्वायनसचे मत होते. इ.स. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईपूर्वी इग्नेशियस लोयोलाने आपली पापे एका सहकारी सैनिकाला सांगितली होती. पुढे याच इग्नेशियसने जेझुइट संघ स्थापन केला.

ट्रेंट परिषद आणि जाळीची खिडकी

मार्टिन ल्यूथरने सक्तीला विरोध केला, पण खासगी पापनिवेदन त्याला प्रिय होते. इ.स. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्यातही ते कायम ठेवले आहे. त्याला उत्तर देताना ट्रेंट परिषदेने २५ नोव्हेंबर १५५१ रोजी धर्मगुरूला न्यायाधीश म्हटले. प्रकरण ऐकल्यावाचून निवाडा देता येत नाही, म्हणून गंभीर पापे एकेक करून सांगितलीच पाहिजेत, असा तिचा युक्तिवाद होता. वैद्याची उपमा पुसली गेली नाही, पण न्यायासनाची वरचढ झाली.

आज परिचित असलेली जाळीची खिडकी याच काळातली. मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ याने ती रूढ केली व इ.स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने तिला सर्वत्र स्थान दिले. एकांतातील स्त्रिया धर्मगुरूपासून सुरक्षित राहाव्यात, हाही तिचा हेतू होता. आसन चर्चमध्ये उघड्यावर, सर्वांना दिसेल असे असावे, असा दंडक होता. धोका चर्चला ठाऊक होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. इ.स. १७४१ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावा याने पापनिवेदनाच्या निमित्ताने दुराचारास प्रवृत्त करणाऱ्या धर्मगुरूंविरुद्ध कठोर आज्ञापत्र काढले आणि अशा धर्मगुरूविरुद्ध तक्रार करणे हे पीडिताचे कर्तव्य ठरवले.

गोव्यात या संस्काराने भाषेचा प्रश्न उभा केला. प्रवचन दुभाष्यामार्फत होऊ शकते. अंतःकरणातील गोष्ट दुभाष्यासमोर कोण सांगणार? मिशनऱ्यांनी स्थानिक भाषा शिकण्यामागे ही निकडही होती. इ.स. १५७९ मध्ये गोव्यात आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठी वाचकांना 'ख्रिस्तपुराणा'मुळे परिचित आहे. त्याचे कोकणी व्याकरण इ.स. १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. इ.स. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने कोकणी सोडण्यास तीन वर्षांची मुदत दिली. तरीही गोव्यात या संस्काराला आजही 'कुमसार' म्हणतात. पोर्तुगीज शब्द कोकणी जिभेवर असा रुळला.

समुदायाचे पुनरागमन

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इ.स. १९६४ मध्ये जुना धागा पुन्हा उचलला. या संस्कारात पाप्याला ईश्वराची क्षमा मिळते आणि त्याच वेळी त्याने जिला जखमी केले त्या ख्रिस्तसभेशीही त्याचा समेट होतो, असे तिने नमूद केले. इ.स. १९७३ च्या नव्या विधीत सामुदायिक प्रायश्चित्त-उपासनेला स्थान मिळाले. धर्मगुरूने उच्चारावयाच्या क्षमावचनातही ख्रिस्तसभेच्या सेवेचा उल्लेख आला.

गुप्ततेचा प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला आहे. ऑस्ट्रेलियातील राजकीय चौकशी आयोगाने इ.स. २०१७ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पापनिवेदनात मिळाली तरी ती कळवणे बंधनकारक करावे, अशी शिफारस केली. व्हिक्टोरिया व क्वीन्सलँड राज्यांनी अनुक्रमे २०१९ व २०२० मध्ये तसे कायदे केले. व्हॅटिकनने २०१९ मध्येच गुप्ततेचा नियम अभंग असल्याचे पुन्हा सांगितले. भारतात इ.स. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती कळवण्याची जबाबदारी टाकते. धर्मगुरूंचा त्यात अपवाद नाही. गुप्ततेचे बंधन ऐकणाऱ्यावर आहे, सांगणाऱ्यावर नाही, ही गोष्ट या वादात क्वचितच लक्षात घेतली जाते. पापनिवेदनाच्या आसनावर जिच्यावर अन्याय झाला, ती स्त्री चर्चच्या नियमानुसारही बोलण्यास मोकळी आहे.