बुटांच्या गावातली पेटी

हेर्त्सोगेनआउराख म्हटलं की आदिदास-पूमावाल्या भावांचं भांडण निघतं. यंत्रांच्या इतिहासात मात्र गावाचं वजन वेगळ्याच मालामुळे आहे. १९४६ मध्ये इथे आलेल्या शेफलर बंधूंनी आधी लाकडी हातगाड्या केल्या. १९४९ मध्ये गेओर्ग शेफलर यांनी सुईसारखे रोलर एकेका खाचेत धरणारा पिंजरा काढला, आणि अशा रोलरचं बेअरिंग जास्त वेगालाही टिकू लागलं. २०२४ मध्ये रेगेन्सबुर्गची व्हितेस्को कंपनी शेफलरमध्ये विलीन झाली, तेव्हा इंजिनाचा संगणकही या घरात आला. तो रेगेन्सबुर्गचा, आयता घेतलेला, असा आक्षेप येईल. बरोबरच आहे, पण शेफलर तरी मूळचे इथले कुठे होते? फरक आहे तो मालात. झिजलेलं बेअरिंग हाताला खरखर लागतं; अशा संगणकाची, समजा बोटीच्या इंजिनावरची, राळेत गाडलेली पेटी मुकीच. ती बहुधा उघडत नाहीत, अख्खी बदलतात, तीही आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासून.