मुंबई-पुण्याचा पगार आणि गावाकडचं पोतं

पुण्यात साठ-सत्तर हजार पगार लागला की आपल्या सोनपेठात त्या घरावर शिक्का बसतो, "त्यांचं काय बाबा, लेकरू सेटल झालं." सोयरिकीच्या बैठकीत लगेच पुढचा प्रश्न येतो, फ्लॅट आहे का? नसेल तर सगळ्यांची नजर गावाकडच्या जमिनीकडं वळते. डाऊन पेमेंटसाठी एक-दोन एकर विकलेली घरं मी माझ्या ओळखीतलीच सात मोजून दाखवीन. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. इतिहासाचं आहे, पण विषय आजचाच आहे.

प्रश्न साधा आहे. मध्यम किंवा बेताच्या पगाराची माणसं महागड्या शहरात शंभर-सव्वाशे वर्षं जगली कशी? मला सापडलेलं उत्तर असं, की नुसत्या पगारावर ती कधीच जगली नाहीत. पगाराच्या खाली दुसरा आधार होता. काही आधार शहरानं दिला, तोही बहुतेक वेळा भांडून घ्यावा लागला, आणि मोठा आधार गावानं दिला. शहराचा आधार हळूहळू निघून गेला. गावाचा अजून आहे, आणि तोच आपण विकायला काढलाय.

सुरुवात मुंबईपासून करू, कारण कागदोपत्री हिशेब तिथलाच नीट सापडतो.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगार घरांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास नावाचा अधिकारी होता, त्याचा अहवाल १९२३ ला छापून आला. जवळपास अडीच हजार कुटुंबांचा हिशेब त्यात आहे. घराची सरासरी मिळकत महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास. त्यातले शंभरातले ५७ रुपये खाण्यावर जायचे. घरभाड्यावर किती? शंभरात पावणेआठ. म्हणजे बावन्न रुपयांत साधारण चार रुपये भाडं.

हे वाचून "काय स्वस्ताई होती" असं म्हणू नका. त्या चार रुपयांत एक खोली मिळायची. १९११ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरातल्या जवळपास सत्तर माणसांचं घर म्हणजे एकच खोली होती. त्या खोलीतही भाडं भागावं म्हणून पोटभाडेकरू ठेवायचे. शिरासनं आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय, मुंबईच्या कामगाराला मिळणारं अन्न तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या अन्नापेक्षा कमी होतं. जवळपास निम्मी घरं कर्जात होती. गिरणी धडधडत होती, धुराडी पेटत होती, आणि ती चालवणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता.

मग निभत कसं होतं? तर कोकणात, साताऱ्यात, घाटावर त्याचं घर होतं म्हणून. बायको-लेकरं बऱ्याचदा गावी. बाळंतपण गावी, आजारपण गावी, म्हातारपण तर गावीच. गिरणीमालक एका माणसाच्या पोटापुरता पगार देत होता आणि बाकी कुटुंब गावाची शेती पोसत होती. मनीऑर्डर गावाला जायची हे आपण सगळे सांगतो. गावाकडून मुंबईला काय जायचं, याची पावती कुणी फाडली नाही, म्हणून ते इतिहासात दिसत नाही.

आता शहरानं काय दिलं ते बघू. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली, तेव्हा कुठं सरकारला घरांची आठवण झाली. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब वीसेक वर्षं राहिलं. १९१८ च्या शेवटी बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळी ही मोठीच रक्कम. तरी घर चाळीतल्या दोन खोल्यांतच ठेवलं, कारण लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पैसा साठवायचा होता. घरखर्च रमाबाईंनी ओढला. एवढं करूनही ती शिल्लक पुरली नाही. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, असं मिळून १९२० ला ते लंडनला गेले. साडेचारशे पगाराच्या माणसाची ही गत, तर बावन्न रुपयेवाल्याचं काय!

१९२० नंतर बीडीडी चाळी आल्या. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता, उभ्या राहिल्या साडेसोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. गंमत बघा, ज्यांच्यासाठी बांधल्या त्या कामगारांना सुरुवातीचं भाडं परवडेना, म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. "परवडणारी घरं" कुणाला परवडतात हा वाद तेव्हापासूनचा आहे.

खरा मोठा आधार भाडेकायद्याचा. पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली तेव्हा १९१८ ला पहिला कायदा झाला. नंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानं भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. ज्याच्याकडं खोली होती तो तरला. कारकून, शिक्षक, बेस्टचा कंडक्टर, गिरणीतला साचेवाला अशी माणसं मुंबईच्या मध्यात राहू शकली ती या कायद्यामुळं. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. मालकाला भाड्यातून रंग लावण्याइतकेही पैसे सुटेनात, डागडुजी थांबली, भाड्यासाठी नवी घरं बांधणं जवळपास बंद झालं आणि पागडीचा काळा व्यवहार सुरू झाला. आत होता त्याचं भलं, दाराबाहेर होता त्याला दार बंद. सुप्रीम कोर्टानंही १९९७ ला ही गोठवलेली भाडी अन्यायाची ठरवली. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला.

आपण मराठवाड्याचे लोक त्या दाराबाहेरच होतो. आपलं मोठं शहर हैदराबाद. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, मुंबई राज्यात आपण आलो १९५६ ला. आपल्याकडं भाड्याचा कायदासुद्धा हैदराबादचा, १९५४ चा, तोच १९९९ पर्यंत चालला. परभणीहून मुंबईला जायचं तर मीटर गेजच्या गाडीनं मनमाडला जायचं आणि तिथं गाडी बदलायची. ७२ च्या दुष्काळात आपल्या भागातली, विशेषतः भूमिहीन आणि दलित घरं, मुंबईला गेली तेव्हा चाळीतल्या खोल्या कधीच भरून गेल्या होत्या. त्यांच्या वाट्याला चेंबूर, मानखुर्द, गोवंडीच्या झोपड्या आल्या. मराठी माणूस म्हटलं की लालबाग-परळची चाळ डोळ्यासमोर येते, त्या चित्रात आपला जिल्हा सहसा नसतो.

खोलीइतकाच मोठा खर्च पोटाचा. १९४८ ला नायगावच्या कामगारांनी सहकारी दुकान काढलं, तेच पुढं अपना बाजार झालं. १९७२ ला महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागं हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मृणालताईंच्याच पुढाकारानं गोरेगावला नागरी निवारा उभं राहिलं, कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सहा हजारांवर घरं. या बायकांनी जे केलं ते कुठल्याही गृहनिर्माण मंत्र्यापेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे.

आणि मग उतरती सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप इतका लांबला कसा? माणसं गावी गेली म्हणून. पगार बंद झाला तरी गावात भाकरी होती. नंतर गिरण्यांच्या जमिनी विकायची वेळ आली. १९९१ चा नियम होता की जमिनीचे तीन वाटे करायचे, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला तो असा बदलला की फक्त मोकळी जागा वाटणीत धरायची. मोकळी जागा ती किती असणार? घरांचा वाटा तिथंच आटला. २००६ ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल कायम ठेवला. २००७ ला राज्यानं कमाल जमीन धारणा कायदाही काढून टाकला. म्हणजे ज्या कायद्यावर नागरी निवारा उभा राहिला, तो जिनाच काढून घेतला.

पुण्यात तर हे आधार मुळातच थोडे. पिंपरी-चिंचवडला १९७२ ला नवनगर प्राधिकरण झालं, कामगारांना घरासाठी जागा द्यायला. २०२१ ला तेही विलीन झालं. मुंबईच्या माणसाला निदान लोकलचा पास आहे, बदलापुराहूनसुद्धा कामावर जाता येतं. पुण्यात आपलं पोरगं मोटारसायकलीवर दीड तास वाहतुकीत.

आता आजचा हिशेब. माझा पुतण्या वाघोलीला राहतो, त्याला विचारून लिहितोय. दोघं नवरा-बायको कमावतात, हातात ६८ हजार. भाडं आणि मेंटेनन्स १९, किराणा-दूध-भाजी-गॅस १४, लेकराची शाळा आणि व्हॅन ९, गाडीचा हप्ता-पेट्रोल ८, वीज-फोन-विमा ५, गावी आई-वडिलांच्या औषधाला ३. राहिले दहा. त्यात दवाखाना, लग्नकार्य, सणाला गावी येणं-जाणं. शिरासच्या हिशेबात भाडं शंभरात पावणेआठ होतं, इथं अठ्ठावीस आहे. खाण्यावर मात्र तेव्हा सत्तावन्न, आता वीस-एकवीस. लोक पूर्वीपेक्षा चांगलं खातात हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खाण्यातून सुटलेला पैसा घरमालकाच्या आणि शाळेच्या खिशात गेलाय.

यात गावाचा वाटा कुठं दिसतो का? नाही दिसत. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून जाणारं ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, हा त्यातला सगळ्यात लहान भाग. बाजारभावानं धरलं तरी वर्षाला दहा-बारा हजार. मोठा भाग वेगळाच आहे. लेकरू झालं तेव्हा माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, दीड वर्ष तिकडं राहिली, म्हणून सुनेची नोकरी टिकली. त्या दीड वर्षात इकडं दादानं हातानं भाकरी थापली. भाड्याच्या घराचं डिपॉझिट सोयाबीनच्या पट्टीतून गेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोघांचा पगार अर्धा झाला तेव्हा चार महिने सगळे इथंच होते. ८२ चा गिरणी कामगार आणि २० सालचा कॉम्प्युटरवाला एकाच रस्त्यानं घरी आला, फरक एवढाच की याच्या पाठीवर लॅपटॉप होता.

म्हणून जमीन विकून फ्लॅट घेणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. ६८ हजाराचा संसार ज्या आधारावर चाललाय, तोच विकून वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेतला, तर पुढच्या आजारपणाला, पुढच्या मंदीला परत यायचं कुठं? कुणी म्हणेल, शेतीत काय राहिलंय. भावात काही राहिलं नाही हे मलाही माहीत आहे, मीही कापूस-सोयाबीनच पिकवतो. पण शेती तोट्यात असली तरी ती घराचा विमा आहे, आणि या विम्याचा हप्ता आपल्या आई-बापांनी भरलाय.

दुसरी गोष्ट, मागायचं असेल तर सरकारकडं भाड्याची घरं मागा. नोकरदार पोरापोरींसाठी वसतिगृहं मागा. आपले लोकप्रतिनिधी रस्ता, सभामंडप, हायमास्ट यापुढं जात नाहीत. सोनपेठच्या मतदाराचं अर्धं घर पुण्यात भाडं भरतंय, हा इथल्याही निवडणुकीचा विषय आहे.

म्हाडाचे उत्पन्न गट एकदा बघा. मुंबई-पुण्याच्या महानगर भागात वर्षाला सहा लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब २०२२ पासून सरकारी कागदावर "अत्यल्प उत्पन्न" गटात आहे. महिन्याला पन्नास हजार! आपल्याकडं एवढ्या पगाराच्या पोराला मुलगी देताना लोक हुंडा विचारतात. नऊ लाखांपर्यंत "अल्प". म्हणजे माझा पुतण्या सरकारच्या हिशेबात अल्प उत्पन्नाचा आहे आणि सोनपेठच्या हिशेबात सेटल आहे. अर्थात लॉटरी म्हणजे लॉटरीच. २०२४ ला मुंबईत २,०३० घरांसाठी लाखावर अर्ज आले होते. तरी अर्ज करणं हक्काचं आहे. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो, तो आपल्या तहसीलीतून काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको. पुणे मंडळाची जाहिरात आली की मी इथं टाकीन. ज्यांनी आधी अर्ज केलेत त्यांनी अनुभव खाली लिहा, घर लागलं असेल तर हप्ता किती बसतो तेही सांगा.