मंगळावरील कालवे

एका शब्दाच्या भाषांतरानें केवढा घोटाळा माजूं शकतो, याचें मंगळाच्या इतिहासासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. १८७७ सालीं मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असतां मिलान येथील ब्रेरा वेधशाळेचे ज्योतिर्विद् जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनीं त्याचा नकाशा तयार केला. त्यांतील लांबट रेषांना त्यांनीं ‘कानाली’ असें नांव दिलें. या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक ओहोळ असाही होतो. परंतु इंग्रजींत त्याचे ‘कालवे’ झाले. ओहोळ आपोआप वाहतो. कालवा म्हटला कीं तो खणणारा आलाच! आठच वर्षांपूर्वीं, १८६९ सालीं, सुएझचा कालवा खुला झालेला. तेव्हां लोकांच्या कल्पनाशक्तीस निराळें खतपाणी घालावें लागलें नाहीं.

पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन धनिकांनीं या कल्पनेस शास्त्राचा पोशाख चढविला. १८९४ सालीं त्यांनीं ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथें स्वखर्चानें वेधशाळा उभारली. मंगळ सुकत चालला असून तेथील बुद्धिमान् प्राणी ध्रुवांवरील बर्फाचें पाणी कालव्यांनीं दूरवर नेतात, असें त्यांचें प्रतिपादन होतें. लॉवेल यांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण जें दिसावें असें मनास वाटे, तेंच त्यांच्या डोळ्यांस दिसे.

ग्रीनिच वेधशाळेचे माँडर यांनीं शाळेंतील मुलांवर एक साधा प्रयोग केला. १९०३ सालीं तो प्रसिद्ध झाला. मुलांना दुरून एक चित्र दाखवून त्याची नक्कल करावयास सांगितलें. मूळ चित्रांत ठिपके व वेड्यावांकड्या खुणा होत्या. कित्येक मुलांनीं मात्र सरळ रेषा काढल्या. १९०९ सालीं फ्रान्समधील म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणींतून पाहतांना आंतोनियादी यांनाही रेषांच्या जागीं विखुरलेले डागच आढळले.

शेवटचा निकाल अंतराळयानांनीं दिला. जुलै १९६५ मध्यें मरिनर-४ नें जवळून जातां जातां बावीस छायाचित्रें टिपलीं. त्यांत ज्वालामुखीच्या मुखांसारखे खळगे होते. कालवे कोठेंच नव्हते. हवाही अत्यंत विरळ निघाली. १९७६ सालीं दोन व्हायकिंग यानें मंगळावर उतरलीं. तेथील मातींत पोषक द्रव्य घालतांच एका प्रयोगांत वायु बाहेर पडला; परंतु सेंद्रिय द्रव्याचा खात्रीलायक पुरावा न मिळाल्यानें बहुतेक शास्त्रज्ञांनीं ती निव्वळ रासायनिक क्रिया ठरविली. पुढें २००८ सालीं फीनिक्स यानास मातींत परक्लोरेट क्षार सांपडले. माती तापवितांना हे क्षार सेंद्रिय द्रव्याचा नाश करूं शकतात. त्यामुळें जुना खटला पुन्हा उभा राहिला. २०१२ सालीं उतरलेल्या क्युरिऑसिटीनें तर प्राचीन सरोवराचा तळच शोधून काढला.

श्रोतेहो, आधीं नगरें, मग वनस्पति, मग सूक्ष्म जंतु आणि आतां अब्जावधि वर्षांपूर्वींच्या जंतूंची पुसट खूण, असा हा प्रश्न आंखडत गेला आहे. परंतु जसजसा तो आंखडला, तसतसा तो तपासतां येण्याजोगा झाला. व्हायकिंग यानें निघण्यापूर्वीं भट्टींत तापवून निर्जंतुक केलीं होतीं. कारण पृथ्वीवरील जंतु तेथें गेले, तर आपलेंच प्रतिबिंब परक्याचा चेहरा म्हणून पाहण्याची पाळी यावयाची. लॉवेल यांच्या दुर्बिणीपाशीं नेमकें हेंच घडलें होतें. स्वतःच्या इच्छेपासून पुराव्याला जपणें, ही या शोधाची खरी मिळकत होय. उद्यां मंगळावर जीव सांपडो वा न सांपडो, ती आपणांजवळ राहीलच.