दिनविशेष : 25 जुलै

एकच वेळ, सुवर्ण एकाला

1980 : मॉस्को ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या 100 मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. एडिंबरोचा ॲलन वेल्स आठव्या लेनमध्ये होता, क्यूबाचा सिल्व्हिओ लिओनार्ड पहिल्या. म्हणजे ट्रॅकची दोन टोकं. दोघांची वेळ सारखीच नोंदली गेली, 10.25 सेकंद. शेवटच्या पावलाला वेल्सने छाती पुढे झोकून दिली होती. फोटो फिनिशच्या चित्रात तेवढंच अंतर दिसलं आणि सुवर्णपदक त्याला मिळालं. हॅरॉल्ड अब्राहम्सच्या 1924 च्या विजयानंतर प्रथमच हे पदक ब्रिटनकडे आलं. वेल्स तेव्हा 28 वर्षांचा होता. त्याआधी एवढ्या वयात ही शर्यत कुणी जिंकली नव्हती.

सेकंदाचे शंभर भाग करूनही विजेता ठरत नाही, हे त्या दिवशी स्पष्ट दिसलं. 2024 मध्ये पॅरिसला तेच घडलं. नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन, दोघेही 9.79 सेकंद, निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात शोधावा लागला.

मॉस्कोवर अमेरिकेने बहिष्कार टाकला होता. त्यामुळे ‘अमेरिकन असते तर?’ हा प्रश्न त्या खेळांतल्या बहुतेक पदकांना आजही चिकटून आहे. वेल्सला मात्र तो फार काळ सोसावा लागला नाही. काही दिवसांतच पश्चिम जर्मनीतल्या कोब्लेन्झला तो अमेरिकन धावपटूंसमोर उतरला, आणि तिथेही पहिला आला.