मुक्या 'बी'ची हकीगत

इंग्रजींत 'डेट' म्हणजे ऋण, 'डाउट' म्हणजे शंका आणि 'सटल' म्हणजे सूक्ष्म. तिन्ही शब्दांत 'बी' हें अक्षर लिहितात. उच्चारीत मात्र नाहींत. असें कां?

हे शब्द फ्रेंचांकडून इंग्लंडांत आले, तेव्हां त्यांत 'बी' नव्हता. पुढें १५ व्या व १६ व्या शतकांत लॅटिनाभिमानी पंडितांनीं 'डेबिटम', 'डुबिटारे' व 'सब्टिलिस' या मूळ शब्दांची खूण म्हणून तो घातला. लेखन बदललें, उच्चार पूर्वींचाच राहिला. १५९८ सालीं छापलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकांत शेक्सपिअरनें 'बी' न उच्चारणाऱ्यांवर चिडणारा एक पंतोजी रंगविला आहे. आणि प्रेक्षक हंसतात ते त्या पंतोजीलाच!

मीहि पंतोजीच होतों. 'बी' गाळणाऱ्या मुलांना मीं छड्या मारल्या. कानाला ऐकूं येईल तसें लिहिणारीं तीं मुलें जुन्या इंग्रज लेखकांप्रमाणेंच 'बी'वांचून लिहीत होतीं, हें मला निवृत्त झाल्यावर वाचनांत आढळलें. 'डेट' या शब्दाचा अर्थ मीं त्यांना शिकविला खरा. पण त्यांचें ऋण माझ्याकडेच राहिलें आहे, हें आज आपणां सर्वांसमक्ष कबूल करतों.